असील ते ब्रॉयलर

मंडळी, रविवारच्या रश्श्यात जी ब्रॉयलर कोंबडी असते ना, तिच्या भरदार छातीत आपल्या असील कोंबड्याचा वाटा आहे!

असील म्हणजे झुंजीचा गडी. १९व्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये त्याचा तिथल्या झुंजीच्या कोंबड्यांशी संकर झाला. पिल्लं झुंजीत फारशी चालली नाहीत, पण अंगावर मांस भरपूर. ही 'कॉर्निश' जात. इंग्रज तिला 'इंडियन गेम' म्हणत.

पुढे अमेरिका. तिथे कोंबडी पाळायची ती मुख्यतः अंड्यांसाठी, मांस म्हणजे जोडउत्पन्न. १९४८ साली डेलावेअरमध्ये 'उद्याची कोंबडी' या स्पर्धेची अंतिम फेरी झाली. सगळ्यांची अंडी एकाच ठिकाणी उबवली, पिल्लं एकाच पद्धतीने वाढवली. थोडक्यात बेंचमार्किंगच. जिंकला कॅलिफोर्नियाचा चार्ल्स व्हॅन्ट्रेस: कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायरचा संकर. १९५१ लाही तोच.

खरी गोम इथेच आहे. अशा संकरित पक्ष्यांची आपसात वीण केली तर पुढची पिढी तशी निघत नाही. एखादं दांडगं, एखादं किरटं. म्हणजे परसात कोंबड्या पाळणाऱ्याला नुसता तयार प्रोग्रॅम मिळतो, सोर्स कोड कंपनीकडेच! पिल्लं दरवेळी विकत. व्हॅन्ट्रेसचं नाव आता कॉब-व्हॅन्ट्रेस कंपनीत आहे, आणि पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची 'वेनकॉब' कॉबच्याच वाणातली. असील घरी आला खरा, पण कुलूपबंद.

वाढीचा वेग तर विचारूच नका. अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १९५७ चा वाण ५६ दिवसांत ९०५ ग्रॅम भरला, २००५ चा ४२०२! खाद्य तेच. या ब्रॉयलरच्या आईबापांना मात्र मोजूनमापून, अर्धपोटीच ठेवतात. पोटभर खाल्लं तर इतके जड होतात की अंडी घालणंच बिघडतं.