वेंगुर्ल्यात जन्मलेला राजदूत : डोंगरावरच्या शाळा आणि दोन देशांत वाढलेली मुले

१/
१५ ऑगस्ट १९१९. कोकणातील वेंगुर्ले या बंदराच्या गावी एका अमेरिकी मिशनरी डॉक्टरांच्या घरी मुलगा जन्मला. पंधराव्या वर्षापर्यंत तो भारतातच वाढला. पुढे वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी तो अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ साली अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला. त्याचे नाव रॉबर्ट गोहीन.

२/
गोहीन अपवाद नव्हते. विसाव्या शतकात भारतात वाढलेल्या परदेशी मुलांपैकी कुणी सार्वजनिक आरोग्याचे अध्वर्यू झाले, कुणी भारतविद्येचे प्राध्यापक, कुणी पक्षितज्ज्ञ, तर कुणी थेट हिंदी चित्रपटांतील नट. दोन संस्कृतींत वाढल्यामुळे त्यांना विशेष दृष्टी लाभली, असे यावर सहज म्हटले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. बालपणाचे रूपांतर व्यवसायात कसे झाले, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

३/
सुरुवात शाळांपासून करू. मसुरीजवळ लंढौर येथे १८५४ मध्ये वुडस्टॉक शाळा निघाली. दक्षिणेत पळणीच्या डोंगरांत कोडाईकनालला अमेरिकी मिशनऱ्यांनी १९०१ मध्ये आपल्या मुलांसाठी शाळा काढली. मैदानी प्रदेशातील उन्हाळा आणि साथीचे रोग यांपासून मुले दूर राहावीत, शिक्षणासाठी त्यांना लहानपणीच सातासमुद्रापार धाडावे लागू नये आणि तरीही त्यांचे शिक्षण मायदेशाच्या धर्तीवर व्हावे, असे तिहेरी गणित त्यामागे होते.

४/
या गणिताची किंमत मुलांनी मोजली. आईवडील मैदानातल्या एखाद्या गावी आणि मूल वर्षातील बहुतेक काळ डोंगरावरच्या वसतिगृहात. वर्गात इंग्रजी, बाजारात हिंदी किंवा तमिळ, आणि घरी आयेच्या तोंडची बोली. ज्या अमेरिकेला ‘आपला देश’ म्हणायचे, तिचे दर्शन आईवडिलांना काही वर्षांनी मिळणाऱ्या दीर्घ रजेतच घडे. तेथे गेल्यावर ही मुले दिसायला अमेरिकी, पण वागण्याबोलण्यात परकी ठरत.

५/
अशा मुलांसाठी आज जगभर वापरला जाणारा ‘थर्ड कल्चर किड्स’, म्हणजे ‘तिसऱ्या संस्कृतीतील मुले’, हा शब्दप्रयोग भारतातील अभ्यासातूनच पुढे आला. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रूथ हिल यूसीम आणि त्यांचे पती जॉन यूसीम १९५० च्या दशकात संशोधनासाठी भारतात राहिले होते. येथे काम करणारे अमेरिकी लोक आणि त्यांची मुले यांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले.

६/
येथे एक नेहमीचा गैरसमज दूर केला पाहिजे. ‘तिसरी संस्कृती’ म्हणजे दोन संस्कृतींची खिचडी नव्हे. दोन समाजांना जोडण्याचे काम करणारे लोक, म्हणजे मिशनरी, मुत्सद्दी, तंत्रज्ञ, व्यापारी, एकमेकांत जी जीवनपद्धती घडवतात, तिला यूसीम दांपत्याने हे नाव दिले. ती पुलावरच्या माणसांची संस्कृती आहे. मुले त्या पुलावर जन्मतात, पण पूल कुणी आणि कशासाठी बांधला, हे त्यांच्या हाती नसते.

७/
यूसीम दांपत्याचे आधीचे पुस्तक मात्र अमेरिकी मुलांविषयी नव्हते. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास पाश्चात्त्य शिक्षण घेऊन मायदेशी परतलेल्या भारतीयांविषयी होता. म्हणजे एकाच पुलावरून दोन्ही दिशांनी ये-जा करणारी माणसे या संशोधकांनी पाहिली. हा मुद्दा लक्षात ठेवावा. शेवटी तो पुन्हा येईल.

८/
दुसऱ्या महायुद्धापूर्वी अमेरिकेत भारतातील बालपणाला बाजारभाव जवळजवळ नव्हता. हिंदी येणाऱ्या तरुणाला तेथे नोकरी कोण देणार? त्यामुळे अनेकांनी आईवडिलांचीच वाट धरली आणि ते मिशनरी, शिक्षक किंवा डॉक्टर होऊन परतले. चित्र बदलले ते युद्धामुळे. आशिया खंडाची भाषा आणि भूगोल जाणणारी माणसे अमेरिकी सरकारला एकाएकी हवी झाली आणि ती आपल्याकडे किती थोडी आहेत, हेही उमगले.

९/
डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांचे उदाहरण बोलके आहे. जन्म १८९२, मिशनरी वडिलांबरोबर बालपणातील काही वर्षे भारतात गेली. पुढे ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक झाले. युद्धकाळात त्यांचे ज्ञान सरकारी कामी आले. १९४८ मध्ये त्यांनी त्याच विद्यापीठात दक्षिण आशियाच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभारला. १९६१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली. तिच्यामार्फत अमेरिकी विद्यार्थी पुण्यात राहून मराठी शिकत आले आहेत.

१०/
मग शीतयुद्धाने मागणी अनेक पटींनी वाढवली. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा करून परकीय भाषांच्या अभ्यासाला पैसा दिला. १९६१ मध्ये पीस कोअर आणि परदेशी विकास-मदतीची नवी यंत्रणा उभी राहिली. बाजारात सहज शिकलेली हिंदी आता अर्जात नोंदवण्याजोगी पात्रता झाली. मुले तीच होती, जग बदलले होते.

११/
पण प्रत्येकाने या पात्रतेचा उपयोग सारखाच केला नाही. कार्ल टेलर यांचा जन्म १९१६ चा, लंढौरचा, शिक्षण वुडस्टॉकमध्ये. आईवडील दोघेही वैद्यकीय मिशनरी. अमेरिकेत डॉक्टर होऊन ते भारतात परतले आणि १९४७ मध्ये फाळणीच्या निर्वासितांमध्ये त्यांनी वैद्यकीय काम केले. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय आरोग्य विभागाचे ते संस्थापक प्रमुख झाले.

१२/
टेलर यांनी पंजाबातील नारंगवाल येथे अनेक वर्षे गावपातळीवर संशोधन केले. रुग्णालयाची वाट पाहण्यापेक्षा गावातच प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा, हा विचार त्यातून पक्का होत गेला. प्राथमिक आरोग्यसेवेची जागतिक सनद मानल्या जाणाऱ्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याच्या घडणीतही त्यांचा वाटा होता.

१३/
येथे महाराष्ट्राचा धागा जुळतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि टेलर त्यांचे मार्गदर्शक ठरले. १९७० मध्ये आरोळे दांपत्याने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले. गावातील, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या एका पुस्तकात जामखेडचा प्रयोग नोंदवला गेला. म्हणजे ज्ञान एकाच दिशेने वाहिले नाही. भारतातील गावांनी टेलरना शिकवले, टेलरनी आरोळ्यांना, आणि जामखेडने जगाला.

१४/
आता अगदी निराळी वाट. टॉम ऑल्टर, जन्म १९५० मसुरी, शिक्षण वुडस्टॉक. येल विद्यापीठ अर्धवट सोडून ते परतले. ‘आराधना’ पाहून राजेश खन्ना यांच्या अभिनयाने झपाटले गेले आणि १९७२ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. त्यांचे उर्दू असे होते की ऐकणाऱ्याने डोळे मिटले तर वक्ता उत्तर भारतातलाच वाटावा.

१५/
तरीही पडद्यावर त्यांच्या वाट्याला बहुधा आला तो गोरा साहेब, मोडकीतोडकी हिंदी बोलणारा. आयुष्यभर नीट येणारी भाषा कामासाठी मोडून बोलावी लागली! चित्रपटसृष्टीला त्यांच्या बालपणाची गरज नव्हती, त्यांच्या वर्णाची होती. रंगभूमीने मात्र त्यांना न्याय दिला. तेथे त्यांनी उर्दूत मौलाना आझाद साकारले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भारतीय नागरिक म्हणूनच २०१७ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

१६/
आणि आपले वेंगुर्ल्याचे गोहीन? त्यांच्या राजदूतपदाच्या काळात भारत-अमेरिका संबंधांतील सर्वांत बोचरा प्रश्न होता तारापूरचा. तारापूर अणुवीज केंद्राला इंधन पुरवण्याचा करार १९६३ चा. पण १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने १९७८ मध्ये कडक कायदा केला आणि पुरवठा अडला. सप्टेंबर १९८० मध्ये अमेरिकी सिनेटने ४८ विरुद्ध ४६ अशा निसटत्या मतांनी तो पुरवठा जाऊ दिला. मूळ वाद मात्र मिटला नाही. राजदूत कोकणात जन्मलेला असला तरी राष्ट्रांचे हितसंबंध त्याच्या आठवणींवर चालत नाहीत.

१७/
यूसीम यांनी पुढे १९९० च्या दशकात अशा मुलांपैकी प्रौढ झालेल्या सुमारे ७०० अमेरिकी व्यक्तींची पाहणी केली. त्यांतील ८१ टक्के पदवीधर निघाले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण मिशनरी, अधिकारी, मुत्सद्दी हे पालक स्वतःच शिकलेले होते, हेही ध्यानात घ्यावे. यशाचे सारे श्रेय ‘दोन संस्कृतींना’ देणे म्हणजे घरातील पुस्तके आणि खिशातील पारपत्र विसरणे होय.

१८/
आता सातव्या मुद्द्याकडे परत येऊ. पुलावरून उलट दिशेने जाणारी भारतीय मुलेही होतीच. नयनतारा सहगल वुडस्टॉकमध्ये शिकल्या. वडील रणजित सीताराम पंडित मराठी घराण्यातले, आई विजयालक्ष्मी पंडित; दोघेही स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात. १९४३ मध्ये त्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, परतल्या आणि इंग्रजीतील महत्त्वाच्या कादंबरीकार झाल्या. पण त्यांच्यामागे नामांकित घराणे होते.

१९/
ज्या आयेने या परदेशी मुलांना पहिली हिंदी शिकवली, तिची मुलेही दोन संस्कृतींच्या सीमेवरच वाढत होती. साहेबाच्या घरची रीत आणि आपल्या घरची रीत, दोन्ही त्यांना ठाऊक होत्या. त्यांच्या या ज्ञानाला ना शिष्यवृत्ती मिळाली, ना विद्यापीठाची खुर्ची. सीमेवर वाढणे सर्वांच्या वाट्याला येऊ शकते. त्याचे प्रमाणपत्र मात्र निवडक लोकांनाच मिळते.

२०/
म्हणून या मुलांच्या कारकिर्दी वाचताना दोन प्रश्न सोबत ठेवावेत. त्यांच्या बालपणाची गरज तेव्हा कोणत्या संस्थेला होती? आणि त्यांनी ते बालपण भांडवल मानले की ऋण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर युद्धांत, कायद्यांत आणि अनुदानांत सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधायचे तर जामखेडच्या आरोग्यसेविकांपर्यंत जावे लागते. मसुरीत जन्मलेल्या एका मुलाच्या कारकिर्दीचा सर्वांत मोठा पुरावा, त्याचे नावही कदाचित ऐकले नसेल अशा बायकांच्या कामात आहे.