'चार्ली' : एका खेळकर नृत्यरचनेची पूर्वपीठिका

इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील ब्रेन्ट्री या गावचा तरुण संगीतकार लिअम हाउलेट याची 'चार्ली' ही ध्वनिमुद्रिका ऑगस्ट १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याच्या वयाला वीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. त्याच्या 'द प्रॉडिजी' या वृंदाच्या नावे त्याच वर्षी काही रचनांची एक तबकडी आधी निघाली होती; परंतु सर्वसामान्य श्रोत्यांस त्याचा परिचय झाला तो 'चार्ली'मुळेच. ब्रिटनमधील विक्रीच्या क्रमवारीत ही रचना तिसऱ्या स्थानापर्यंत पोहोचली. पुढे एका वर्षाच्या आतच, ऑगस्ट १९९२ मध्ये, 'मिक्समॅग' या नृत्यसंगीताच्या मासिकाने 'चार्ली'ने रेव्ह-संगीताचा बळी घेतला काय, असा प्रश्न विचारला. एका मांजराच्या म्यावम्यावीवर उभारलेल्या रचनेवर एवढा गंभीर आरोप यावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्या आरोपाचा निवाडा करावयाचा तर ही रचना कोणकोणत्या प्रवाहांतून घडली, हे प्रथम पाहिले पाहिजे.

यांतील पहिला प्रवाह न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स विभागातून निघतो. मूळचा जमैकाचा असलेला कूल हर्क हा ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मेजवानीत तबकड्या वाजवीत होता. गीतातील गायन थांबून केवळ तालवाद्ये उरतात त्या तुकड्यावर, म्हणजे 'ब्रेक'वर, नाचणाऱ्यांना विशेष उत्साह येतो, हे त्याच्या ध्यानी आले होते. म्हणून एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती आळीपाळीने वाजवून तो हा तुकडा लांबवीत असे. हिप-हॉपचा पाया तो हाच. 'द विन्स्टन्स' या वृंदाच्या १९६९ मधील 'आमेन, ब्रदर' या रचनेतील अवघ्या काही सेकंदांचा ताल पुढे शेकडो रचनांना पुरला. हाउलेट लहानपणी पियानो शिकला होता. परंतु 'कट टू किल' या हिप-हॉप वृंदात तबकड्या वाजवीत असतानाच त्याची खरी घडण झाली. ब्रेकचा वेग वाढवून त्यास नृत्यशाळेतील इलेक्ट्रॉनिक संगीताची जोड देण्याचा प्रयोग लंडनच्या हॅक्नी भागातील 'शट अप अँड डान्स' या जोडीने १९८९ च्या सुमारास आरंभिला होताच. त्याच हॅक्नीतील डाल्स्टन येथे, कॅरिबियन लोकांच्या 'फोर एसेस' या जुन्या क्लबात भरणाऱ्या 'लॅबिरिन्थ'मध्ये, हाउलेटच्या वृंदाने आपला पहिला प्रत्यक्ष प्रयोग सादर केला. किंग्स्टन, ब्रॉन्क्स आणि डाल्स्टन यांना जोडणारा धागा या रचनेत आहे तो असा.

दुसरा प्रवाह यंत्रसंगीताचा. शिकागोचे 'हाउस' आणि डेट्रॉइटचे 'टेक्नो' १९८८ पर्यंत ब्रिटनमध्ये रुजले होते. मात्र १९९० नंतरचा कठोर, गर्जणारा स्वर बेल्जियममधून आला. न्यूयॉर्कचा जोई बेल्ट्राम याच्या 'एनर्जी फ्लॅश' (१९९०) व 'सेकंड फेज' या नावाने निघालेल्या 'मेंटॅझम' (१९९१) या रचना गेंटच्या 'आर अँड एस' संस्थेने प्रकाशित केल्या. 'मेंटॅझम'मधील खालीवर घसरणारा, घोंघावणारा सिंथेसायझरचा आवाज धूळ ओढणाऱ्या यंत्रासारखा भासत असल्यामुळे त्यास 'हूव्हर' हेच नाव पडले. 'चार्ली'च्या 'ॲली कॅट' या रूपात हा आवाज स्पष्ट ओळखू येतो.

तिसरा प्रवाह संगीताबाहेरचा आहे. मुलांना घरातील व रस्त्यावरील धोक्यांपासून सावध करण्यासाठी ब्रिटिश सरकारच्या माहिती विभागाने १९७३ मध्ये टोनी नावाचा मुलगा आणि त्याचे मांजर चार्ली यांच्या छोट्या चित्रफितींची एक मालिका दूरचित्रवाणीसाठी काढली. मांजराचा आवाज केनी एव्हरेट या विनोदी कलावंताने दिला होता. मांजर म्यावम्याव करी आणि त्याचा अर्थ मुलगा सांगे. हाउलेटने त्यांतील म्यावम्यावी आणि कोठेही जाण्यापूर्वी आईला सांगून जावे, हा मुलाच्या तोंडचा उपदेश उचलला. १९७१ मध्ये जन्मलेल्या हाउलेटची पिढी याच चित्रफिती पाहत वाढली होती.

हे तिन्ही प्रवाह एकत्र आणण्याचे साधन म्हणजे रोलँड कंपनीचे 'डब्ल्यू-३०' हे कळफलक-यंत्र. बाहेरचा ध्वनी साठवून तो कोणत्याही पट्टीत वाजविण्याची आणि सर्व भाग क्रमाने मांडण्याची सोय त्यात एकत्र होती. त्यामुळे मोठ्या ध्वनिमुद्रणगृहाची गरज न पडता घरच्या खोलीत रचना सिद्ध होऊ शके. हर्कने दोन तबकड्यांनी जे साधले, तेच येथे एका यंत्राने साधले. दुसऱ्याच्या ध्वनीचा तुकडा घ्यावा, त्याची आवृत्ती करावी आणि त्या आवृत्तीतूनच त्यास नवा अर्थ द्यावा, ही पद्धती दोहोंकडे एकच आहे.

हा नवा अर्थ कोणता, हे समजण्यासाठी त्या काळाची स्थिती पाहिली पाहिजे. परवान्याविना भरणाऱ्या रात्रीच्या मेळाव्यांना आळा घालण्यासाठी १९९० च्या कायद्याने दंडाची मर्यादा २०,००० पौंडांपर्यंत नेली व सहा महिन्यांच्या कैदेचीही तरतूद केली. अशा मेळाव्यात, घरी न सांगता आलेल्या तरुणांच्या गर्दीवर, आईला सांगून जाण्याचा सरकारी उपदेश ध्वनिक्षेपकांतून पुनःपुन्हा आदळे. रचनाकाराचा हेतू काहीही असो, त्या जागी त्या वाक्याचा उपहास झाल्यावाचून राहत नाही. बालवयात सांभाळ करणारा आणि तारुण्यात दंड करणारा शासनाचा आवाज येथे एकच होऊन जातो. 'चार्ली'चा खेळकरपणा हा म्हणूनच पोरकटपणा नव्हे.

यानंतर अनुकरणाची लाट आली. 'शाफ्ट'चे 'रूबार्ब अँड कस्टर्ड' (१९९१), 'अर्बन हाइप'चे 'अ ट्रिप टू ट्रम्प्टन' (१९९२) आणि 'स्मार्ट ईज्'चे 'सेसमीज ट्रीट' (१९९२) ही सर्व मुलांच्या कार्यक्रमांवर आधारलेली होती. त्यांतही वेगवान ठेका होता. परंतु ओळखीची वस्तू अचानक भेटल्याचा आनंद यापलीकडे त्यांची धाव फारशी जात नाही. 'मिक्समॅग'चा रोष वास्तविक या लाटेवर होता. त्याचा भार मात्र मूळ रचनेवर पडला. हाउलेटच्या वृंदाने 'फायर'च्या चित्रफितीत त्या मासिकाची प्रत जाळून उत्तर दिले.

रेव्हच्या ओहोटीची कारणे शोधावयाची तर ती अन्यत्र आढळतात. मे १९९२ मधील कॅसलमॉर्टनच्या प्रचंड मेळाव्यानंतर शासन अधिक कठोर झाले. मेळावे परवानाधारक क्लबांकडे वळले. आणि संगीताच्याही शाखा फुटून वेगवान ब्रेकची धारा 'जंगल'मध्ये गेली. १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्यात तर पुनरावृत्त ठेक्यांच्या संगीताची व्याख्याच करण्यात आली. त्याच वर्षीच्या 'म्युझिक फॉर द जिल्टेड जनरेशन' या संग्रहात हाउलेटने या कायद्याविरुद्ध उघड भूमिका घेतली. मांजराच्या आवाजाशी खेळणारा आणि कायद्याला आव्हान देणारा संगीतकार एकच होता. १९९१ मध्ये जे विनोदाच्या आडून ऐकू येत होते, ते तीन वर्षांनी उघडपणे बोलले गेले, एवढाच त्यांतील फरक होय.