सोफ्यावर बसण्याचा हक्क : डिक ग्रेगरी आणि शिकागोचा विनोद

आंबेडकरी पोरापोरींनी स्टँडअपच्या मंचावर जातीबद्दल तोंड उघडले की एक उपदेश ठरलेला असतो : विनोदात जात कशाला आणता? ज्याच्यात गुण असेल तो आपोआप वर येईल. हाच उपदेश करणाऱ्यांना आरक्षणावरचे टोमणे मात्र निखळ विनोद वाटतात. तिथे त्यांना जात दिसत नाही. ही मंडळी अमेरिकेचे दाखले द्यायला पटाईत असतात, म्हणून आम्हीही दाखला अमेरिकेचाच घेतो.

१९५० नंतरच्या दशकात शिकागोत विनोदाला बहर आला होता. १९५५ मध्ये कम्पास प्लेयर्स उभी राहिली, १९५९ च्या डिसेंबरात सेकंड सिटी सुरू झाली, रश स्ट्रीटवरच्या मिस्टर केलीज क्लबात नावाजलेले विनोदवीर येत होते. इतिहासाच्या पुस्तकांत या बहराचे कौतुक भरपूर सापडते. पण त्याच शहराच्या साउथ साइडला दक्षिणेतल्या राज्यांतून आलेले लाखो कृष्णवर्णीय कोंडल्यासारखे राहत होते, कारण इतरत्र त्यांना कुणी घर देत नसे. आपल्याकडे वस्ती वेशीबाहेर असते, तिथे ती शहराच्या पोटात होती. आणि त्या वस्तीतल्या क्लबांमध्येही विनोद वाढत होताच. फक्त त्याच्याकडे 'बहर' म्हणून कुणी पाहत नव्हते.

डिक ग्रेगरी या वस्तीतल्या क्लबांतून घडला. जन्म १९३२ चा, सेंट लुईसच्या कमालीच्या गरिबीतला. १९५८ मध्ये त्याला साउथ साइडच्या एस्क्वायर शो लाउंजमध्ये निवेदकाचे काम मिळाले. दिवसा तो पोस्टात टपाल वेगळे करायचा. मिसिसिपीला जाणारी पत्रे आपण परदेशी टपालाच्या खणात टाकायचो, असा किस्सा तो पुढे सांगत असे. त्याने थोडीफार जुळवाजुळव करून शिकागोबाहेरच्या रॉबिन्स या कृष्णवर्णीयांच्या गावात 'अ‍ॅपेक्स' नावाचा स्वतःचा क्लबही काढला. हिवाळ्याच्या बर्फात गिऱ्हाईक येईना आणि क्लब बुडाला. मग तो रॉबर्ट्स शो क्लबात निवेदक झाला. त्याचा मालकही कृष्णवर्णीयच.

आता दुसरीकडे पाहा. त्याच शिकागोतला बॉब न्यूहार्ट हा गोरा तरुण हिशेबनीस होता. एका रेडिओ निवेदकाने त्याच्या टेप वॉर्नर ब्रदर्सला ऐकवल्या आणि १९६० मध्ये त्याचा तुफान खपलेला पहिला अल्बम आला. तो ध्वनिमुद्रित झाला तेव्हा नाइटक्लबच्या मंचावर उभे राहण्याची न्यूहार्टची पहिलीच वेळ होती! न्यूहार्ट मोठा कलावंत होता, त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण एकाला मंचावर चढण्याआधीच करार मिळतो आणि दुसरा तीन वर्षे लोकांना हसवूनही बाहेरच उभा राहतो, याला 'मेरिट' म्हणायचे असेल तर त्या शब्दाचा अर्थ एकदा तपासावा लागेल.

गोऱ्यांच्या क्लबात कृष्णवर्णीय कलावंत नव्हते असे नाही. गायला होते, नाचायला होते. चालत नसे ते एवढेच, की काळ्या माणसाने दोन पायांवर स्वस्थ उभे राहून गोऱ्यांशी बोलावे. आमच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. गावाला महारामांगांची ढोलकी हवी होती, नाच हवा होता. सोंगाड्याने फडावर पाटलाची टर उडवलेलीही चालायची, कारण पहाटे तो वेशीबाहेरच जाणार होता. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी नाच बाजूला ठेवून सरळ बोलायला सुरुवात केली, तेव्हा गावाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

१३ जानेवारी १९६१. शिकागोच्या प्लेबॉय क्लबात ठरलेल्या कलावंताऐवजी ग्रेगरीला एका रात्रीसाठी बोलावले. त्या दिवशीचा श्रोतृवर्ग म्हणजे फ्रोझन फूड कंपन्यांचे अधिकारी, त्यांत दक्षिणेतल्या गोऱ्यांचा भरणा. व्यवस्थापनाने त्याला सुचवले की आज नको. तो ऐकला नाही. त्याची पद्धत ठरलेली होती : आधी स्वतःवर विनोद, मग त्यांच्यावर. ते हसले. काही काळ एक कार्यक्रम चालावा तसा तो चालतच राहिला, आणि एका रात्रीचे काम काही आठवड्यांचे झाले. बारा तारखेच्या ग्रेगरीत आणि तेरा तारखेच्या ग्रेगरीत काय फरक होता? काहीच नाही. फरक दरवाजात होता.

पण दरवाजा मालकाच्या मर्जीने उघडला होता, आणि मर्जी म्हणजे हक्क नव्हे. म्हणून आम्हाला त्याच वर्षीची पुढची घटना जास्त मोलाची वाटते. जॅक पारच्या 'टुनाइट शो'चे बोलावणे आले. सगळा देश पाहायचा असा हा कार्यक्रम. ग्रेगरीने नकार दिला. कारण गायक बिली एकस्टाइनने त्याला सांगितले होते की तिथे कृष्णवर्णीय कलावंत आपली कला सादर करतो आणि निघून जातो, यजमानाशेजारच्या सोफ्यावर बसून गप्पा मारायला त्याला थांबवत नाहीत. शेवटी पारने स्वतः फोन केला. ग्रेगरीने अट घातली, ती मान्य झाली आणि तो सोफ्यावर बसला. शाळेत गोणपाटावर वेगळे बसवलेल्या मुलाला बाप मानणाऱ्यांना या सोफ्याचे वजन कळते.

त्यानंतर पैसा धो धो आला, आणि तो घेऊन ग्रेगरी मिसिसिपीला गेला. तिथल्या लेफ्लोर परगण्यात काळ्यांनी मतदार नोंदणी सुरू केली म्हणून गोऱ्या अधिकाऱ्यांनी गरिबांना मिळणारे सरकारी धान्यच बंद केले होते. महाडच्या सत्याग्रहानंतर कोकणातल्या गावोगावी आपल्या माणसांचे दाणापाणी असेच तोडले गेले. १९६३ च्या फेब्रुवारीत ग्रेगरीने विमानाने सुमारे सात टन अन्नधान्य तिथे पोचवले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या मोर्चात तो तुरुंगात गेला. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स दंगलीत लोकांना शांत करताना त्याच्या पायात गोळी लागली. 'विनोदवीराने विनोद करावा' हे त्यालाही ऐकवले गेलेच असणार.

मुंबईत २०१० मध्ये कॉमेडी स्टोअर सुरू झाले ते लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न वेशीवर टांगला. ज्या गिरणगावात आपल्याला मागावर उभे राहू दिले नाही, तिथेच देशातल्या नव्या विनोदाचा मंच उभा राहिला, आणि त्यावर बराच काळ कोण उभे होते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता बस्तरचा मंजीत सरकार, बीडची अंकुर तांगडे आणि त्यांचे साथी 'ब्लू मटेरियल' नावाने एकत्र कार्यक्रम करतात. विनोदाच्या धंद्यात 'ब्लू' म्हणजे चावट. आमच्या निळ्याचा अर्थ त्यांनी त्यात बेमालूम घुसवला. त्यांचे तुकडे मोबाइलवर फुकट पाहून 'जय भीम' लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. रॉबिन्सचा अ‍ॅपेक्स क्लब बुडाला तो विनोद कमी पडला म्हणून नाही, खुर्च्या रिकाम्या राहिल्या म्हणून. पुढच्या वेळी हे लोक तुमच्या शहरात आले तर तिकीट काढा, आणि घरच्यांनाही घेऊन जा.