वर्गाची खिडकी : उघडली कोणी, मिटली कोणी?

१/ शाळेच्या खिडकीलाही इतिहास असतो. रोगाच्या भीतीने ती उघडली गेली आणि इंधनाच्या टंचाईने मिटली गेली. आजचा धागा या खिडकीविषयी.

२/ आरंभ म्युनिकमध्ये. कोंदट हवा मोजायची कशी, हा प्रश्न माक्स पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञासमोर होता. १८५८ साली त्याने उत्तर मांडले : खोलीतील कार्बन डायऑक्साइड मोजा. तेवढ्या प्रमाणात हा वायू स्वतः घातक नसतो. परंतु तो साचला, म्हणजे इतरांच्या उच्छ्वासातील बाकीचे सारेही साचले. हजार भागांत एक भाग ही मर्यादा शाळांनीही पाळावी, असा त्याचा आग्रह होता.

३/ १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला आणि गर्दीच्या वर्गाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. १९०४ मध्ये बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग नगरीने अशक्त मुलांसाठी पाइनच्या वनात 'वनशाळा' उघडली.

४/ १९०८ च्या जानेवारीत अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे मेरी पॅकार्ड आणि एलन स्टोन या दोन महिला डॉक्टरांच्या पुढाकाराने अशीच शाळा सुरू झाली. कडाक्याच्या थंडीत खिडक्या सताड उघड्या आणि मुले उबदार पिशव्यांत बसलेली!

५/ पुढे ही कल्पना वास्तुकलेत उतरली. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये यान डाउकरने १९३० साली पूर्ण केलेल्या शाळेत मजल्यामजल्यावर उघड्या गच्च्या आहेत. मात्र एक सावधगिरी हवी. खुल्या शाळांत मुलांना सकस आहार आणि विश्रांतीही मिळे; त्यामुळे प्रकृती सुधारल्याचे सारे श्रेय एकट्या हवेला देता येत नाही.

६/ १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. क्षयावर औषध मिळाले, ही मोठीच गोष्ट. परंतु भय ओसरले तसे खुल्या शाळांचे प्रयोजनही विस्मरणात गेले.

७/ त्यानंतर आले १९७३ चे तेलसंकट. ऊर्जा वाचवण्यासाठी इमारती हवाबंद होऊ लागल्या. १९८१ च्या अमेरिकी मानकात वर्गासाठी दरडोई मिनिटाला अवघी ५ घनफूट बाहेरील हवा पुरेशी मानली गेली. १९८९ मध्ये ती १५ घनफूट करावी लागली.

८/ कोविडने खिडकी पुन्हा उघडली. २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडच्या शाळांसाठी सुमारे ३ लाख मापकयंत्रे जाहीर केली. ती मोजतात काय? कार्बन डायऑक्साइड. पेटेनकोफरचेच मोजमाप, १६३ वर्षांनंतर!

९/ तात्पर्य एवढेच : ज्ञान हाती असूनही प्रत्येक पिढीने ते संकट आल्यावरच आठवले. पुढच्या वेळी आपल्या गावातील शाळेत जाल, तेव्हा खिडक्या किती आहेत हे पाहाच. पण त्यांतील किती उघडतात, तेही मोजा.