तिसऱ्याची हरकत

सावकाराने हुकूमनामा मिळवला, दरखास्त दिली, आणि बेलिफाने खळ्यातली भाताची रास जप्त केली. पण त्या राशीत ऋणकोच्या भावाचाही वाटा असेल तर? १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने या तिसऱ्या माणसाची सोय केली होती. आदेश २१, नियम ५८प्रमाणे तो हरकत घेऊ शकत होता. मात्र जप्तीच्या दिवशी मालावर आपला हक्क किंवा ताबा होता, हे त्यालाच पुराव्याने दाखवावे लागे. अर्ज फेटाळला गेला, तर वर्षाच्या आत वेगळा दावा लावायचा. हा दुहेरी फेरा १९७६च्या दुरुस्तीने संपवला.

त्याच संहितेच्या कलम ६०ने ऋणकोच्या बायकामुलांचे कपडे, अंथरूण आणि स्वयंपाकाची भांडी जप्तीतून वगळली होती. कर्ज नवऱ्याचे असले तरी बायकोच्या चुलीवरची भांडी सुरक्षित, असा हा कायदा.

आता तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांकडे पाहू. आजचे तलासरी तेव्हा उंबरगावात मोडे. इथला वारली लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेई आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे. त्याला लग्नगडी म्हणत. नव्या नवरीलाही मालकाकडे राबावे लागे. कर्जावर तिचा अंगठा नव्हता. कायद्याच्या भाषेत ती तिसरी व्यक्ती होती. पण भांडी नव्हे, तीच अडकली होती.

नियम ५८ तिच्या कामाचा नव्हता. हुकूमनामा नाही, बेलिफ नाही, पंचनामा नाही. मग हरकत कशावर घ्यायची? जप्तीवरची सारी बंधने सावकार कोर्टात गेला तरच लागू होत. इथे त्याला कोर्टाची गरजच पडत नव्हती. जमीन त्याची आणि हिशेबाची वहीही त्याचीच.

ही हरकत अखेर कोर्टाबाहेर घेतली गेली. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिचे मार्गदर्शक होते. वेठ करायची नाही, असे ठरले. पाठोपाठ गावोगाव लग्नगडी मुक्त केले गेले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले.

वेठबिगारी बंद करणारा देशव्यापी कायदा १९७६ साली झाला. तिसऱ्याच्या हरकतीचा नियमही त्याच वर्षी सुधारला. राशीतल्या वाटेकऱ्याला १९०८पासून निदान अर्जाची तरी सोय होती. लग्नगड्याच्या बायकोला झरीपर्यंत थांबावे लागले.