‘इंट३२’ : एका नावाचे दोन धनी

डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ‘सी’ ही संगणकभाषा घडवली, तेव्हा पूर्णांकाचा आकार त्यांनी यंत्रावर सोपवला. पीडीपी-११वर ‘इंट’ १६ बिटांचा, तर इंटरडेटा ८/३२वर ३२ बिटांचा. या उदारतेची किंमत पुढच्यांनी मोजली. ठरावीक आकार हवा असणारा प्रत्येक जण ‘टाइपडेफ’ वापरून स्वतःचे टोपणनाव पाडू लागला, आणि नावे सगळ्यांना सारखीच सुचत गेली.

‘लिबजेपेग’ या चित्रे वाचणाऱ्या लायब्ररीत ‘इंट३२’ म्हणजे ‘लाँग’; विंडोजच्या हेडर फाइलमध्ये ‘इंट’. विंडोजवर दोन्ही ३२ बिटांचेच, पण प्रकार निराळे. त्यामुळे कंपायलर अडून बसे. यावर रूढ झालेला तोडगा आम्हांला मोठा मासलेवाईक वाटतो. एक्स११ची ‘एक्सएमडी’ ही हेडर फाइल आधी आली असेल, तर आपली व्याख्या गाळायची अशी सोय लिबजेपेगमध्ये होती. मग विंडोजवाले, एक्स११चा मागमूस नसतानाही, ती आल्याचे खुशाल जाहीर करीत. साक्ष खोटी, पण काम होई.

चूक कोणाची? आमच्या मते कोणाचीच नाही. लिबजेपेगला ‘निदान ३२ बिट’ अभिप्रेत होते, विंडोजला ‘नेमके ३२’. १९९९च्या प्रमाणकाने या दोन अर्थांना दोन नावे दिली : ‘इंट_लीस्ट३२_टी’ आणि ‘इंट३२_टी’. घरगुती व्याख्या काढून ज्यांनी ‘एसटीडीइंट’ ही हेडर फाइल घेतली, त्यांचा तंटा मिटला. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरबरोबर ती मिळायला मात्र २०१० उजाडले.