सोरा : गोठ्यातल्या मातीपासून तोफेपर्यंत



आजचा विषय शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला आहे आणि प्लासीच्या रणांगणावरचाही आहे : भौतिक बदल आणि रासायनिक बदल. आपण सगळ्यांनी एक वाक्य पाठ केलं होतं. जो बदल उलटवता येतो तो भौतिक, जो येत नाही तो रासायनिक. परीक्षेत गुण मिळाले, पण हे वाक्य पुरतं खरं नाही. काच फुटली की ती पुन्हा सांधत नाही, तरी तुकडे काचेचेच राहतात. म्हणजे बदल भौतिकच. मग खरी कसोटी कोणती? ती मी तुम्हाला सोऱ्याच्या इतिहासातून सांगणार आहे.

माझी पदवी रसायनशास्त्राची, नोकरी मात्र लष्करात झाली. त्यातली काही वर्षं पाटण्याजवळच्या दानापूर छावणीत गेली. त्या भागात जुन्या भिंतींच्या पायथ्याशी पांढरा थर दिसतो. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. सतराव्या-अठराव्या शतकात याच पांढऱ्या थरासाठी डच, फ्रेंच आणि इंग्रज व्यापारी बिहारमध्ये एकमेकांशी झगडत होते. कारण त्यात सोरा होता, आणि सोऱ्याशिवाय बंदुकीची दारू बनत नाही.

तो सोरा काढणारे लोक म्हणजे नोनिया. नोन म्हणजे मीठ, त्यावरून हे नाव पडलं. त्यांच्या कामाच्या तीन पायऱ्या बघा.

पहिली पायरी मातीतच घडायची. गोठ्यातलं मूत आणि शेण जमिनीत मुरतं, मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. चुलीची राख तिथेच पडलेली असते. राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट आणि मातीतलं कॅल्शियम नायट्रेट पाण्यात एकत्र आले की खडूसारखा साका खाली बसतो आणि सोरा पाण्यात उरतो. हे पदार्थ आधी नव्हते, ते नव्याने तयार झाले. म्हणून हा रासायनिक बदल.

दुसरी पायरी नोनियांच्या हातची. माती खरवडायची, तिच्यातून पाणी झिरपवायचं, ते आटवायचं आणि थंड होऊ द्यायचं. यात सोऱ्याबरोबर मीठही येतं. मग ते वेगळं कसं करायचं? 100 ग्रॅम उकळत्या पाण्यात सुमारे 245 ग्रॅम सोरा विरघळतो, पण पाणी 20 अंशांवर आलं की जेमतेम 32 ग्रॅम. मिठाचं तसं नाही. गरम पाण्यात 39 ग्रॅम, थंड पाण्यात 36. म्हणजे पाणी निवलं की सोऱ्याचे खडे खाली बसतात आणि मीठ बहुतांशी पाण्यातच राहतं. इथे नवं काहीच तयार होत नाही. बदल भौतिक.

तिसरी पायरी तोफखान्याची. सोरा, कोळसा आणि गंधक एकत्र केले तरी ते नुसतं मिश्रण असतं. पाणी घातलं तर सोरा विरघळून निघून जातो. ठिणगी पडली की मात्र तिन्ही संपतात. उरतो धूर, वायू आणि राखेसारखा गाळ.

आता 23 जून 1757. प्लासीला दुपारी पावसाची मोठी सर आली. इंग्रजांनी दारूगोळा झाकून ठेवला होता, नवाबाच्या तोफखान्याची दारू भिजली. निकाल एकट्या पावसाने लावला नाही, मीर जाफरची फितुरी त्याहून मोठी. पण भिजलेल्या दारूने नवाबाच्या तोफा थंडावल्या, हेही खरं.

1758 मध्ये कंपनीने मीर जाफरकडून बिहारच्या सोऱ्याचा मक्ता मिळवला. नोनिया तर आधीपासूनच उचल घेऊन राबत होता. आता त्याचा माल घेणारा मोठा गिऱ्हाईक एकच उरला. भाव कोण ठरवणार, हे सांगायला नको.

फ्रान्सला सोऱ्याची चणचण भासू लागली. 1775 मध्ये तिथल्या सरकारने दारूच्या कारभारावर जे अधिकारी नेमले, त्यांत आंत्वान लाव्हाझिए होता. पॅरिसच्या शस्त्रागारातच त्याने प्रयोगशाळा थाटली. त्याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पारा हवेत 12 दिवस तापवला, त्यावर लाल भुकटी आली. तीच भुकटी जास्त तापवली, तर पारा परत मिळाला आणि प्राणवायू सुटला. म्हणजे रासायनिक बदलही उलटवता येतो! हा प्रयोग कुणी करू नका, पाऱ्याची वाफ विषारी असते. पण आपलं पाठ केलेलं वाक्य इथे दुसऱ्या बाजूनेही मोडतं. खरी कसोटी एकच : नवा पदार्थ तयार झाला का?

ही कसोटी वर्गात दोन ग्लासांत दाखवता येते. एकात माती आणि दोन चमचे मीठ घ्या, पाणी घालून ढवळा, फडक्यातून गाळा आणि ताटलीत वाळवा. मीठ परत मिळेल. दुसऱ्यात चुन्याची निवळी घ्या आणि नळीने हळूच फुंका, ओढू मात्र नका. निवळी दुधाळ होईल, कारण आपल्या श्वासातल्या वायूने खडू तयार झाला. मुलांना आधी उत्तर सांगू नका. "नवं काय झालं?" एवढंच विचारा.

लाव्हाझिएचं नाव पाठ्यपुस्तकात आहे, आणि ते असायलाच हवं. 8 मे 1794 ला क्रांतीच्या धामधुमीत त्याचा शिरच्छेद झाला, तरी जगाने त्याला विसरलं नाही. नोनियाला मात्र पुस्तकात एक ओळही मिळत नाही. विद्राव्यता हा शब्द त्याला ठाऊक नव्हता, पण मीठ आणि सोरा वेगळे करण्याचं काम तो पिढ्यानपिढ्या बिनचूक करत होता. तुमच्यापैकी जे शिक्षक असतील, त्यांनी मिठाचा प्रयोग करताना मुलांना एवढं जरूर सांगावं की हे काम आपल्या देशात कुणीतरी पोटासाठी करत होतं, आणि त्याच्या कामावर साम्राज्यांच्या लढाया चालल्या होत्या.